निलगिरीखाली बटाट्यासारखे गोळे निघाले, हे ट्रफल आहे का? आणि जमिनीखालचं बी पसरतं तरी कसं?

केळीवाला_रावेर

नमस्कार मंडळी. आतापर्यंत इथे नुसतं वाचायचो, आज पहिल्यांदा काही विचारून राहिलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं शेत सातपुड्याच्या पायथ्याशी, पलीकडे नाला आणि मग फॉरेस्टची हद्द. बांधावर वडिलांनी लावलेल्या निलगिरी आहेत, तीस-पस्तीस वर्षांच्या झाल्या असतील, तोडू तोडू म्हणतो आणि राहून जातं. श्रावणात दहा-बारा दिवस उघडीप होती, मग दोन दिवस झड लागली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मोटर चालू करायला गेलो तर निलगिरीच्या बुडाशी सगळी माती उकरलेली. रानडुक्कर, दुसरं कोण. ते बघत होतो तर मातीत गोळे दिसले, काही लिंबाएवढे, काही लहान बटाट्याएवढे, अर्धे आत अर्धे वर. साल पिवळट तपकिरी, भेगाळलेली आणि चांगली जाड. विळ्याने एक कापला तर आतून जांभळट काळा, घट्ट. एक जुना होता तो उचलला तर हातातच फुटला आणि आतून तपकिरी भुकटी उडाली.

फोटो भाच्याला पाठवला, तो पुण्याला आयटीत आहे. त्याचा लगेच फोन, मामा हे ट्रफल आहे, जमिनीखाली होणारी खायची बुरशी, युरोपात किलोला लाखात जातं, कोणाला सांगू नका. मी घरी सांगितलं तर बायको म्हणे भाच्याला म्हणा आधी तू खा, मग मी भाजी करते. म्हणून इथे आलो.

रात्री बसून त्या ट्रफलचे व्हिडिओ बघितले आणि डोक्यात वेगळाच किडा शिरला. हे जर जमिनीखालीच जन्मतं आणि जमिनीखालीच पिकतं, ना वारा लागत ना फूल येत, तर याचं बी एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली जातं कसं? आणि त्याने जंगलाला काय मिळतं, की नुसतं बांडगुळासारखं खातं? आणखी एक, आमचा कृषी केंद्रवाला केळीच्या टिश्यू कल्चरच्या रोपांना मायकोरायझा द्या म्हणून दरवर्षी डबा देतो, त्यावरही बुरशीच लिहिलंय. ते आणि हे एकच का?


शेवभाजी_स्पेशल

भो, लाखात गेलं तर पार्टी भरताची पाहिजे, ट्रफलची नको 😄


मास्तर_भुसावळ

आधी महत्त्वाचं. खाऊ नका, कोणाला देऊ नका, आणि घरात पोरं असतील तर गोळे त्यांच्या हाती लागू देऊ नका. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून हे ट्रफल नाही, स्क्लेरोडर्मा नावाची बुरशी दिसते, इंग्रजीत अर्थबॉल म्हणतात. निलगिरीखाली ती हमखास येते. जाड साल, आतून आधी पांढरट, मग जांभळट काळं आणि शेवटी सगळी भुकटी, ही तिची खूण. खाल्ली तर काही तासात उलट्या, पोटात कळा, घाम. खरं ट्रफल कापलं की आत संगमरवरासारख्या पांढऱ्या रेषा दिसतात आणि ते पिकलं तरी त्याची भुकटी होत नाही. तरी फोटोवरून बुरशी ओळखून खायची नसते, मी 34 वर्षं बॉटनी शिकवली तरी मी नाही खात. वहिनींचा निकाल बरोबर आहे, भाच्याला कळवा.

आता तुमचा खरा प्रश्न, तो मला फार आवडला, कारण वर्गात इतक्या वर्षांत एकाही पोराने विचारला नाही.

आपण जी भुईछत्री बघतो ती म्हणजे बुरशीचं फळ, खरी बुरशी मातीत धाग्यांची जाळी करून असते. छत्री जमिनीच्या वर येते ती कशाला, तर वाऱ्यावर बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, सोडायला. पण वर येण्यात धोका आहे, ऊन लागतं, वाळते, पाऊस दोन दिवस थांबला की खेळ खलास. ट्रफलच्या पूर्वजांनी वर यायचंच सोडून दिलं. आणि हे एकदा नाही घडलेलं, बुरश्यांच्या वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळ्या वेळी वर येणारं फळ जमिनीत बसलंय. आत ओल टिकते, थंडी-उन्हापासून बचाव होतो. पण मग वारा गेला. आता बी न्यायचं कोणी?

तर वास. ट्रफल कच्चं असेपर्यंत त्याला फारसा वास नसतो आणि आतले बीजाणू पिकले की वास सुटतो. म्हणजे कैरी आणि आंब्याचंच गणित, फक्त रंगाऐवजी वासावर, कारण अंधारात रंग कोण बघतो. त्या वासात बरेच पदार्थ असतात पण डुकराला आणि कुत्र्याला खेचतो तो मुख्यतः डायमिथाइल सल्फाइड, गंधकाचा एक साधा पदार्थ. पूर्वी लोकं सांगायची की ट्रफलमध्ये नर डुकराच्या वासाचा पदार्थ असतो म्हणून मादी वेडी होऊन उकरते. तो पदार्थ सापडला होता हे खरं, पण नंतर जमिनीत वेगवेगळे वास पुरून बघितले तर जनावरं या गंधकवाल्याकडेच गेली. गोष्ट मात्र जुनीच चालते, मसालेदार आहे ना.

जनावर येतं, उकरतं, खातं. गर पचतो, बीजाणूंची भिंत जाड असते, ते पचत नाहीत. मग ते जनावर अर्धा किलोमीटर, एक किलोमीटर जाऊन लेंडी टाकतं, पावसाने ती मातीत मुरते, आणि जवळ योग्य झाडाचं कोवळं मूळ असेल तर धागा त्याला जाऊन चिकटतो. झालं रोपण.

जंगलाला काय मिळतं ते उद्या लिहितो, डोळे दुखून राहिले.


साक्री_ना_पोऱ्या

काय सांगस भो! म्हणजे डुक्कर पेरणी करस? आमना गावमा तर डुक्कर फक्त मका झोपाडस.


मास्तर_भुसावळ

सकाळी चहाआधी लिहून टाकतो नाहीतर राहील.

बांडगूळ म्हणालात ना, तर बरोबर उलटं आहे. ट्रफलची बुरशी झाडाच्या मुळाच्या टोकावर मोज्यासारखी चढते आणि मुळाच्या पेशींच्या मधल्या फटीत शिरते. पेशीच्या आत जात नाही. तिथे देवाणघेवाण चालते. झाड पानात साखर बनवतं, त्यातली थोडी बुरशीला देतं. बुरशीचे धागे मुळाच्या केसांपेक्षाही कितीतरी बारीक, त्यामुळे जिथे मूळ पोचत नाही अशा मातीच्या फटीत ते पोचतात आणि तिथून फॉस्फरस, नत्र, पाणी ओढून झाडाला देतात. फॉस्फरस मातीत चालत नाही, नत्रासारखा पाण्याबरोबर येत नाही, जिथे आहे तिथे चिकटून बसतो, म्हणून त्याच्यापर्यंत कोणीतरी जावं लागतं. जाणारी ही बुरशी.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. उष्ण देशांत जिथे पाइन मुळात नव्हते तिथे लोकांनी पाइनच्या रोपवाटिका केल्या, रोपं पिवळी पडून खुंटायची, खत घालून फरक नाही. मग जुन्या पाइनच्या बुडाची माती आणून टाकली आणि रोपं उठली. पोर्टो रिकोत 1955 मध्ये असंच केलं होतं. मातीतून बुरशी आली एवढंच. आपल्याकडे कोणी म्हातारा नवं झाड लावताना जुन्या झाडाखालची ओंजळभर माती टाकायचा तो काही वेडा नव्हता.

आणि आता तुमच्या निलगिरीकडे येतो, कारण ती इथली नाही, ऑस्ट्रेलियाची. तिची माणसं पण तिच्याबरोबर आली, म्हणजे तिच्या बुरश्या. पण तिच्या माहेरी काय चालतं ते ऐका. तिथे निलगिरीच्या जंगलात जमिनीखाली शेकडो जातींची ट्रफलं होतात, खायला महाग विकतात ती नव्हे, दुसरी. आणि ती खाणारे प्राणी आहेत, बेटाँग आणि पोटोरू, उंदराएवढं तोंड आणि कांगारूचे पाय, सशाएवढे. त्यांचं पोट मुख्यतः याच बुरशीवर. एक वॉयली नावाचा बेटाँग वर्षाला जवळपास 5 टन माती उकरतो असा हिशोब आहे. ते खड्डे म्हणजे पाणी मुरायची जागा, पाचोळा साठतो, बी अडकतं. म्हणजे ट्रफल खाता खाता तो नांगरटही करतो आणि बुरशीची लागवडही. मग गोऱ्या लोकांनी कोल्हे आणि मांजरं नेली आणि या प्राण्यांचा फडशा पडला. उरलेल्या वॉयलींची संख्याही 2000 च्या दशकात पुन्हा 90 टक्क्यांच्या आसपास कोसळली. त्यांना कुंपणाच्या आत वाढवून परत सोडतात ते फक्त दया म्हणून नाही, माती उकरणारं कोणीतरी हवं म्हणूनही.

तुमच्या बांधावर निलगिरी आली, बुरशी आली, बेटाँग नाही आला. तुमच्या नशिबी रानडुक्कर.


जगदलपूरकर

मी मूळचा चोपड्याचा, नोकरीने बस्तरमध्ये, सहावं वर्ष. हा धागा बघून राहवलं नाही.

इथे पहिला पाऊस झाला की बाजारात बोडा येतो. गोल, गोटीएवढा ते सुपारीएवढा, मातीने माखलेला, सालच्या झाडाखाली जमिनीत होतो. बायका पहाटे जंगलात जाऊन काठीने किंवा बोटाने उकरून काढतात आणि पानाच्या दोन्यात विकतात. पहिले काही दिवस भाव मटणाच्या वर असतो, मी खरंच सांगतो, लोकं गाड्या थांबवून घेतात. झारखंडमध्ये यालाच रुगडा म्हणतात. धुवायला फार वेळ लागतो, पाच-सहा पाणी तरी काढावं लागतं, दाताखाली एक जरी वाळू आली तरी सगळी मजा जाते. चव म्हणाल तर बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखं. कोवळाच खातात, जुना झाला की आत काळा आणि भुकटी, मग फेकतात.

इथले लोकं सांगतात ढग गरजले की बोडा फुटतो. मला वाटायचं हा इथलाच समज, मग वाचलं की ग्रीक आणि रोमन लोकंही ट्रफलबद्दल हेच म्हणायचे, वीज पडते तिथे ट्रफल उगवतं. माझी आजी चोपड्याला भुईछत्रीबद्दल हेच सांगायची. गडगडाट होतो तेव्हा उकाडा असतो आणि पाऊस येतो, बुरशीला दोन्ही लागतं, म्हणून एवढ्या लांबलांबच्या लोकांना सारखंच सुचलं असेल.

मास्तर, हे बोडा म्हणजे ट्रफलच ना? आणि आपल्या सातपुड्यात का नाही मिळत? लहानपणी यावलच्या जंगलात इतकं फिरलो, कधी ऐकलं नाही.


मास्तर_भुसावळ

ट्रफल नाही, पण धंदा तोच. बोडा म्हणजे ॲस्ट्रियस, ट्रफलच्या घराण्यातला नाही, आपल्या रावेरच्या भाऊंच्या गोळ्याचा तो लांबचा चुलतभाऊ. पण तो पण सालच्या मुळाशी मोजा घालूनच राहतो, साल तोडला की बोडा संपला. म्हणून सातपुड्यात आपल्या बाजूला मिळत नाही, आपल्याकडे सालचं जंगल नाही. आपलं साग, सालई, अंजन, धावडा. सागाची मुळं वेगळ्या बुरशीशी जमवून घेतात, ती पेशीच्या आत शिरते आणि आत बारीक झाडासारख्या फांद्या करते, बाहेर मोजाबिजा काही नाही आणि भाजी करण्याजोगं फळही नाही. केळी, कापूस, ज्वारी, तूर सगळ्यांची तीच.

खरं ट्रफल भारतात नाहीच असं मात्र नाही. मसुरीकडून गेलेल्या नमुन्यावरून 1892 मध्ये एका जातीला ट्यूबर इंडिकम नाव दिलं. हिमालयाच्या पलीकडे चीनमध्ये तीच ढिगाने निघते आणि युरोपात खऱ्या काळ्या ट्रफलमध्ये भेसळ म्हणून गाजली. नाव इंडिकम, बदनामी चिनी.


धडगावची_ताई

मी शिक्षिका आहे, तोरणमाळच्या बाजूला शाळा आहे. मला जनावरांचं विचारायचंय. आमच्याकडे पावसात वारुळावर छत्र्या येतात, लांब मुळीच्या, पोरं शाळेत डबा भरून आणतात त्याची भाजी. अस्वल वारूळ फोडतं तिथेही नंतर छत्र्या दिसल्या असं पोरांचे बाप सांगतात. मग अस्वल पण त्या छत्रीचं बी पसरवतं का, जसं डुक्कर ट्रफलचं?


मास्तर_भुसावळ

ताई ती बुरशी निराळी, टर्मिटोमायसेस. ती झाडाच्या मुळाशी नसते, वाळवी स्वतः वारुळात तिची शेती करते. चावलेलं लाकूड, पाचोळा याचं पोळं करून त्यावर वाढवते आणि खाते. पाऊस पडला की त्या शेतातून छत्री वर येते. तिथे शेतकरी वाळवी आहे, अस्वल दरोडेखोर. अस्वलाच्या पोटातून बी जातं का हे मला सांगता येणार नाही म्हणून सोडून देतो, पण पोरांना सांगा की वारुळावरची छत्री ओळखणारं मोठं माणूस सोबत असल्याशिवाय तोडू नका, पांढरी विषारी पण असते आणि लहान असताना अंड्यासारखी दिसते.

जनावरांची साखळी बघायची तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरची बघा. तिथे डग्लस फर नावाची उंच झाडं, त्यांच्या मुळाशी ट्रफल, ते खायला रात्री खाली उतरते उडती खार. आणि त्या खारीवर जगतं ठिपकेवालं घुबड. 1990 मध्ये ते घुबड धोक्यात म्हणून सरकारी यादीत आलं आणि जुनं जंगल तोडण्यावरून तिथे मोठा राडा झाला, लाकूडतोड्यांचा रोजगार की घुबड अशी भांडणं. घुबडाला जंगल हवं कारण खार हवी, खारीला ट्रफल हवं, ट्रफलला जुनं झाड हवं, आणि झाडाला ट्रफलची बुरशी हवी. कुठून धरायचं ते तुम्ही ठरवा. जंगल तोडून मोकळं केलेल्या जागेच्या कडेला खारी आणि उंदीर लेंड्या टाकतात त्यातूनच नव्या रोपांना बुरशी मिळते, असं तिथल्या वनवाल्यांनी बघितलंय.


नेट_पंडित

मी एक डॉक्युमेंटरी बघितली त्यात सांगितलं की जंगलातली सगळी झाडं बुरशीच्या धाग्यांनी जोडलेली असतात, आई झाड आपल्या पिल्लांना ओळखून साखर पाठवतं, एकाला कीड लागली की बाकीच्यांना मेसेज जातो. म्हणजे जमिनीखाली इंटरनेटच. ट्रफल हे त्याचं टॉवर समजा. कोणी हे का लिहीत नाहीये?


जैविक_धुळे

कारण तेवढं सिद्ध झालेलं नाही दादा. मी कृषीची पदवी केली, सध्या शेतीच करतो. एक बुरशी दोन झाडांना जोडू शकते हे खरं, कुंडीतल्या प्रयोगात एका झाडातून दुसऱ्यात कार्बन गेलेलाही दाखवलाय. पण जंगलात तो धाग्यातूनच गेला की मातीतून, आणि आई झाड आपलं पिल्लू ओळखून मुद्दाम देतं का, याला उघड्या जंगलातला पुरावा फार कमी आहे. 2023 मध्ये याच विषयातल्या तिघा संशोधकांनी सगळे जुने प्रयोग तपासून हेच लिहिलं की लोकांनी पुराव्याच्या पुढे उडी मारली. गोष्ट गोड आहे म्हणून व्हायरल झाली. बुरशी धर्मादाय संस्था नाही, ती स्वतःचं पोट बघते, जिथून साखर जास्त मिळेल तिकडे माल जास्त देते. आपल्या मार्केट यार्डातला अडत्या समजा, टॉवर नको.

आता रावेरच्या भाऊंचा तिसरा प्रश्न कोणीच घेतला नाही, डबा. मायकोरायझा हा शब्दच ट्रफलमुळे आलाय बरं का. आल्बर्ट फ्रँक नावाच्या जर्मन माणसाला प्रशियाच्या सरकारने ट्रफलची लागवड जमते का ते बघायला सांगितलं होतं. ट्रफलची शेती काही त्याला जमली नाही, पण बघता बघता त्याच्या लक्षात आलं की झाडाची मुळं आणि बुरशी एकजीव झालीय आणि झाड काही आजारी नाहीये. 1885 मध्ये त्याने या जोडीला नाव दिलं मायकोरायझा, म्हणजे बुरशी-मूळ. तोच शब्द आज तुमच्या डब्यावर. पण डब्यातली बुरशी ट्रफलची नव्हे, मास्तर म्हणतात ती पेशीत शिरणारी. केळीला ट्रफलवाली चालणारच नाही आणि निलगिरीखालची माती आणून केळीत टाकू नका, काही उपयोग नाही.

आता डबा वापरताना काय चुकतं ते सांगतो, दरवर्षी बघतो. टिश्यूचं रोप लॅबमधून येतं, निर्जंतुक, त्याच्या मुळाला कुठलीच बुरशी नसते, म्हणून त्याला द्यायला अर्थ आहे. पण ती मुळाला चिकटली पाहिजे, म्हणजे खड्ड्यात रोपाच्या गड्ड्याला लागून. लोकं वरून फेकतात आणि वर ड्रिपमधून फॉस्फोरिक ॲसिड सोडतात. मातीत फॉस्फरस भरपूर असला की झाड बुरशीला भावच देत नाही, फुकट मिळतंय तर साखर कशाला खर्च करायची. म्हणजे एका हाताने नोकर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने त्याला कामावरून काढायचं. त्यात कोणी बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे मुळाशी औषधाचं पाणी ओतणं, पण त्याच आठवड्यात करतं. मग म्हणतात डबा बोगस. डबे बोगस असतातही, पण दरवेळी नाही.

कोबी, फ्लॉवर, मोहरी यांना ही बुरशी लागतच नाही, तिथे पैसे घालू नका.


केळीवाला_रावेर

भाऊ तुम्ही तर माझंच वर्णन केलं. डबा आणि आळवणी एकाच दिवशी केली होती मी मृगबागेला, कृषी केंद्रवालाच दोन्ही पुडे एकत्र देतो मग मी काय करू. यंदा माती परीक्षण करून बघतो, फॉस्फरस किती बसलाय कळेल तरी.

मास्तर, एक शंका अजून. डुकराचं एवढं कौतुक झालं इथे तर मला राहवत नाही. मागच्या वर्षी माझी शेदीडशे झाडं आडवी केली त्यांनी एका रात्रीत, कंद खायला. पंचनामा झाला, फोटो गेले, पुढे काय ते विचारू नका. तर हे युरोपवाले डुक्कर घेऊन ट्रफल शोधतात म्हणे, ते त्यांचं ऐकतं कसं?


मास्तर_भुसावळ

ऐकत नाही म्हणून तर सोडलं. डुक्कर ट्रफल शोधतं आणि मालकाच्या आधी गिळतं, तोंडातून काढायला गेलेल्यांची बोटं गेलीत म्हणे. शिवाय नाकाने सगळं उकरून टाकतं त्यात कोवळी मुळं आणि धागे तुटतात. इटलीत 1985 पासून ट्रफल शोधायला डुकरावर बंदीच आहे. आता कुत्रे शिकवतात, कुत्र्याला ट्रफलची फारशी पडलेली नसते, बिस्किट मिळालं की खूश, आणि जमीनही एका ठिकाणीच उकरतो.

पण जंगलातल्या डुकराचं काम वेगळं, आणि यात एक गंमत आहे जी उशिरा कळली. काळ्या ट्रफलच्या बुरशीत दोन बाजू असतात, आपण नर-मादी म्हणू. एका झाडाच्या मुळावर बहुतेक वेळा एकाच बाजूची जाळी पसरलेली असते, दुसरीला हाकलून. ती एकटी फळ धरू शकत नाही. ट्रफल धरायला दुसऱ्या बाजूचं कोणीतरी यावं लागतं, आणि ते येतं ते बहुधा बीजाणूतून. म्हणजे जनावर नुसती नवी लागवड करत नाही, जुन्या झाडाखाली स्थळही घेऊन येतं. स्पेनमधले ट्रफलवाले शेतकरी आता हे हाताने करतात, झाडाभोवती खड्डे घेतात आणि त्यात हलकी माती आणि कुस्करलेलं ट्रफल मिसळून बुजवतात. पुढे त्याच खड्ड्यात माल सापडतो. डुकराचं काम माणूस करून राहिला, वर मजुरी लावून.

तिथेही आधी ओक किंवा हेझलचं रोप नर्सरीत बुरशी लावूनच घेतात, आणि मग पाच, सात, कधी दहा वर्षं वाट बघतात. झाडाभोवतीचं गवत जळाल्यासारखं मरून गोल टक्कल पडलं की शेतकरी खूश, बुरशीने जागा धरली म्हणून. आपल्याकडे असं टक्कल दिसलं तर आपण हुमणी समजून औषध टाकू.


शेवभाजी_स्पेशल

दहा वर्षं थांबून मग कुत्रा विचारणार माल आहे का नाही. यापेक्षा केळीचे भाव बरे 😄


धडगावची_ताई

मास्तर, आपल्या सागाच्या बुरशीचं बी मग कोण नेतं? तिला तर फळ पण नाही म्हणालात.


मास्तर_भुसावळ

भाजी करण्याजोगं नाही म्हणालो. तिचे बीजाणू मातीतच सुटे सुटे तयार होतात, बुरशीच्या मानाने चांगले मोठे, त्यामुळे वाऱ्यावर लांब जाणं अवघड. माती सरकली की ते सरकतात, म्हणजे पुराचं पाणी, गांडूळ, मुंग्या, खुरांना लागलेला चिखल. काही जाती बारीक वाटाण्याएवढे गठ्ठे करतात आणि ते उंदीर खातात, उंदराच्या लेंडीत ते बीजाणू जिवंत सापडलेत. आपण घूस आणि उंदीर म्हटलं की आधी औषधाची पुडी आठवतो, शेतात ते बरोबरच आहे, मी पण टाकतो. पण जंगलाच्या कडेचं, जिथे माती धुऊन खाली मुरूम लागलाय आणि रोप धरत नाही, तिथे पहिली बुरशी कोण आणतं हे बघायला पाहिजे. ताई, तुमच्या शाळेतली पोरं जर अशा उघड्या जागेत रोपं लावणार असतील तर एक प्रयोग करा. अर्ध्या खड्ड्यात जुन्या झाडाखालची ओंजळ-ओंजळ माती टाका, अर्ध्यात नको. झाडाचं बूड खणू नका, वरची पाचोळ्याखालची बस. दोन पावसाळ्यांनी कोणती जगली ते मोजा, आणि इथे लिहा.


धडगावची_ताई

करते नक्की. पोरांना खड्डे नाहीतरी खणायचेच आहेत, वनमहोत्सवाची रोपं आलीत.


साक्री_ना_पोऱ्या

ताई, पोरेसले सांगी द्या, माती आणाले जातील तर अस्वल ना रस्ताले नका जाऊ.


केळीवाला_रावेर

अपडेट देतो. भाच्याला सांगितलं ट्रफल नाही म्हणून, तो म्हणे मामा नीट चेक करा. गोळे उचलून परत निलगिरीच्या बुडाशी पुरून टाकायला आज सकाळी गेलो, तर सालदाराच्या पोरांनी रविवारभर त्यांच्याशीच क्रिकेट खेळलेलं. एक पण गोळा शाबूत नाही. भुकटी पार नाल्यापर्यंत उडालेली, पोरांच्या चड्ड्या, चपला, केस सगळे तपकिरी, आणि त्याच अवतारात दोघं बैलगाडीवर बसून गावात किराणा आणायला गेलेत. सालदारणीला सांगितलं पोरांचे हातपाय साबणाने धुवून घे, तोंडात काही गेलं असेल तर लगेच सांग. ती म्हणे मालक, त्या फुफाट्यात ते रोजच लोळतात.